सहावी चिठ्ठी

३ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून प्रार्थनेच्या बैठकीत डबा ठेवला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, झाकण नीट बसत नाही. कल्पना बाईंची. बाई म्हणजे आमच्यातल्या निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळेच बाई म्हणतात, त्यांचे थोरले भाऊसुद्धा.

डब्याची गरज माझ्यामुळे पडली. गेल्या महिन्यात पेंटरने त्याच्या मुलीला सासरी होणारा त्रास मला एकट्याला सांगितला, आणि मी तो मंगळवारी सगळ्यांसमोर देवापुढे मांडला. तोही सविस्तर, सासरच्या गल्लीसकट. रविवारपर्यंत चर्चच्या साऱ्या मंडळीला कळलं. पेंटर दोन मंगळवार फिरकला नाही. बाई मला म्हणाल्या, "भाऊ, देवाला पत्ता ठाऊक असतो. तुम्ही कशाला सांगता?" त्यानंतर बैठकीत कोणी मनातलं बोलेना. सगळ्यांच्या विनंत्या एकसारख्या : तब्येतीसाठी, प्रवासासाठी, देशासाठी.

आता पद्धत अशी. प्रत्येकाने आपलं म्हणणं बाईंच्या कानात सांगायचं. बाई सगळ्यांच्या चिठ्ठ्या स्वतःच्या अक्षरात लिहिणार, नाव नाही. मग प्रत्येकाने एक उचलायची, दोन आठवडे तिच्यासाठी प्रार्थना करायची आणि हातून काही करता आलं तर करायचं. सतरा तारखेला सांगायचं काय केलं ते. ज्याची चिठ्ठी त्याला वाटलं तर तो बोलेल, नाही तर नाही.

आम्ही पाचजण : बाई, शिवणकाम करणाऱ्या मावशी, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, पेंटर आणि मी. पाळकसाहेबांकडे चार मंडळ्या आहेत, त्यामुळे मंगळवारचा बायबलचा अभ्यास मीच घेतो. बैठक आमच्याच घरी असते. दीड वर्षापूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तसं ठरलं. ही आतल्या खोलीत असते, आईचं बघते आणि चहा पाठवते.

सगळ्यांनी उचलून झाल्या तरी एक चिठ्ठी उरली. ड्रायव्हर म्हणाला, "पाच माणसं, सहा चिठ्ठ्या. बाई, तुम्ही गणित शिकवायचात ना?" बाई म्हणाल्या, "भाषा." आणि डबा माझ्यापुढे धरला. "घर तुमचं. उरलेली तुम्ही घ्या."

म्हणून माझ्याकडे दोन आल्या. पहिली : 'डोळ्याचं ऑपरेशन आहे. भीती वाटते.' ही पेंटरची असणार, डोळ्यांवरच त्याचं पोट आहे. दुसरी जरा लांब आहे : 'मला प्रार्थना करता येईनाशी झाली आहे. शब्द आठवतात, पण कोणाशी बोलतेय असं वाटत नाही. कोणीतरी माझ्यासाठी करावी, मला ऐकू येईल अशी.'

वाचून वाईट वाटलं. ही बाईमाणसाची चिठ्ठी. बैठकीत बाया दोनच. बाई तर डगमगणाऱ्यांतल्या नाहीत. म्हणजे मावशी.

४ सप्टेंबर, बुधवार

कामावर, धुलाईघरात, एक ड्रायर बंद पडला आहे. दवाखान्याच्या चादरी मागच्या अंगणात दोऱ्यांवर टाकाव्या लागतात आणि अर्ध्या ओल्याच इस्त्रीच्या रोलरवर घ्याव्या लागतात. वाफेने डोकं जड होतं. मदतनीस रजेवर. एकट्याने चादर घडी करायची म्हणजे एक टोक हनुवटीखाली धरायचं. दिवसभर हनुवटी छातीला लावून उभा होतो. लांबून पाहणाऱ्याला वाटेल माणूस प्रार्थनेत आहे.

तशी केलीही. प्रत्येक चादरीला एकदा, मावशींसाठी. मनातल्या मनात. देवाला मोठा आवाज लागत नाही.

घरी आलो तेव्हा ही बसल्या जागी झोपली होती. मांडीवर आईची वाटी होती, चमचा तसाच. उठवलं, म्हटलं, चहा टाकतेस?

७ सप्टेंबर, शनिवार

कामावरून सरळ मावशींकडे गेलो. एकट्या असतात. खोली लहान, मशीन खिडकीशी, भिंतीला लोकांचे अर्धवट कपडे टांगलेले. म्हटलं, सहज आलो. मावशी म्हणाल्या, "सहज कोणी येत नाही माझ्याकडे. काय उसवलंय?"

मी बसलो. त्यांनी दोन-तीनदा सुईत दोरा ओवून मागितला, तो दिला. दिवा मंद वाटतो म्हणाल्या, तर कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठा आणून लावून दिला. मग चिठ्ठीचं मनात ठेवून विचारलं, "मावशी, प्रार्थना होते ना रोजची?" त्या म्हणाल्या, "होते की. न होऊन सांगते कुणाला?" हसल्या. पण माणूस हसण्याआड लपवतो. मी म्हटलं, आपण करू या. चांगली मोठ्याने केली, त्यांना ऐकू जाईल अशी. वीसेक मिनिटं सहज झाली असतील. शेवटी मावशी म्हणाल्या, "आमेन. तुमच्या तब्येतीला बरंय ना?"

घरी यायला सात वाजले. हिने एकटीनेच आईची कूस बदलली होती, कमरेला हात लावून उभी होती. मी म्हटलं, मावशींकडे होतो, फार एकट्या पडल्यात, त्यांच्यासाठी प्रार्थना केली.

"मोठ्याने?" हिने विचारलं.

"हो. अगदी शेजारी बसून."

"बरं केलंत."

मग ही बेसिनपाशी बराच वेळ उभी होती. नळ बंद होता.

१० सप्टेंबर, मंगळवार

आजचा अभ्यास : पक्षाघात झालेल्या माणसाला त्याचे चार मित्र खाटेसकट उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून शिरता येत नाही म्हणून घराचं छप्पर उकरतात आणि त्याला येशूपुढे खाली सोडतात. मी चार मित्रांवर तयारी केली होती. एकमेकांना उचलणं म्हणजे काय, चार कोपरे चौघांनी धरले नाहीत तर खाट कलंडते, असं. चांगलं चाललं होतं.

मध्येच ड्रायव्हरने विचारलं, "ते छप्पर नंतर नीट कोणी केलं?"

"लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"लिहिलेलं नाही म्हणजे घरमालकाच्या डोक्यावर. आमच्याकडे स्ट्रेचर नेताना दाराला ओरखडा आला तरी लोक भांडतात."

पेंटर म्हणाला, "मी असतो तर रंगासकट करून दिलं असतं."

"तू तीन महिन्यांनी आला असतास," मावशी म्हणाल्या. त्यांच्या खोलीचा रंग अजून व्हायचाय.

तेवढ्यात आतून हिचा आवाज आला. "आणि खाली जी माती पडली ती? त्या घरातल्या बाईला कोणी आधी विचारलं होतं का?"

सगळे हसले. मीही हसलो. बाई मात्र नाही हसल्या. त्या आतल्या दाराच्या पडद्याकडे बघत होत्या. मी सगळ्यांना पुन्हा चार मित्रांवर आणलं. पण धागा तुटला तो तुटलाच. शेवटची प्रार्थनाही आज मला पाठ केल्यासारखी वाटली. थकवा असेल.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

ड्रायर सुरू झाला, आता रोलर कुरकुरतो.

संध्याकाळी ही औषधं आणायला गेली तेव्हा आईजवळ बसलो. आईचं बोलणं अजून तुटक आहे, एक एक शब्द उचलून ठेवावा लागतो तिला. म्हणाली, "ती... आता... म्हणत नाही."

"काय म्हणत नाही?"

"अंग पुसताना... म्हणायची. प्रार्थना. मोठ्याने. आता... नुसतं पाणी वाजतं."

आईला ऐकायला कमी येऊ लागलं आहे. डॉक्टरांना दाखवायला हवं. दवाखान्यात कानाचे डॉक्टर गुरुवारी असतात.

१५ सप्टेंबर, रविवार

उपासनेला एकटाच गेलो. पूर्वी पाळी होती : एक रविवार ही, एक रविवार मी. पण वाचन माझ्याकडे असतं, मग वर्गणीची पेटी, मग पाळकसाहेबांना गाडीपर्यंत सोडणं. त्यामुळे हल्ली मीच जातो. सकाळी विचारलं होतं, "आज तू जातेस का?" ही म्हणाली, "नको." नको म्हणाली म्हणून आग्रह केला नाही.

दारात तिघांनी विचारलं, वहिनी कशा आहेत? म्हटलं, मजेत.

दुसऱ्या चिठ्ठीसाठी रोज प्रार्थना चालू आहे. या आठवड्यात मावशींकडे आणखी एकदा जाऊन आलो. मागच्यापेक्षा थोडक्यात आवरलं, तरी त्यांनी मधे एकदा डोळे उघडून घड्याळ पाहिलं. मी पाहिलं ते त्यांनीही पाहिलं. अशा वेळी माणसाने मनाला लावून घेऊ नये.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज शोभा झाली ती लिहून ठेवतो.

ड्रायव्हरने सांगितलं की त्याच्या चिठ्ठीत मुलीचं दुःख होतं, आणि त्याने पेंटरला न विचारता, काही न बोलता, ॲम्ब्युलन्स त्या गल्लीतून तीनदा हळूच नेली. "सायरन नाही वाजवला. फक्त दाराशी थांबून मुलीला विचारलं, वडिलांना काही निरोप आहे का. सासूला दिसलं पाहिजे की इकडून कोणीतरी येतं." पेंटर खाली बघत होता. मग म्हणाला, "ती फोनवर म्हणाली मला. पांढरी गाडी आली होती." इतक्या वर्षांत या खोलीत मी इतकी चांगली प्रार्थना ऐकलेली नाही, आणि ती प्रार्थना नव्हतीच.

मग माझी पाळी. मी पहिल्या चिठ्ठीचं लवकर उरकलं. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना केली म्हणून सांगितलं. दुसरीचं मात्र सविस्तर सांगितलं. नाव घेणार नव्हतो. पण, एक बहीण प्रार्थनेत एकटी पडली होती, तिच्या घरी जाऊन बसलो, दिवा लावून दिला, असं म्हणालो आणि दिव्यापाशी सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं.

मावशींनी चष्मा काढला. "थांबा. ती चिठ्ठी माझी?"

मी म्हटलं, "तुम्हाला सांगायचं नसेल तर..."

"माझी डोळ्यांची होती. मोतीबिंदू आहे. पुढच्या सोमवारी काढायचाय. तुमच्याकडून सुईत दोरा ओवून घेतला तो काय हौस म्हणून?" मग जरा नरमल्या. "मला वाटलं, भाऊंच्या घरी काहीतरी बिनसलंय म्हणून हे येऊन बसतात. मी तुमच्यासाठी प्रार्थना करत होते."

ड्रायव्हर हसता हसता खोकला. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. दोन्ही चिठ्ठ्या माझ्याच खिशात होत्या आणि एकीचंही धड झालं नाही.

"मग सहावी कुणाची?" पेंटरने विचारलं.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं, ते पुन्हा निघालं. आतून चहाचा ट्रे आला. हिने तो पडद्याआडून पुढे सरकवला आणि आत गेली. ट्रेमध्ये चहा सांडला होता. हिच्या हातून कधी सांडत नाही.

उरल्या बाई. माणूस वरून कितीही ताठ असला तरी. उद्या त्यांच्याकडे जातो.

१८ सप्टेंबर, बुधवार

काम सुटल्यावर बाईंकडे गेलो. त्या पुस्तकं पुसत होत्या. मी म्हटलं, "बाई, मला समजलंय. आपण प्रार्थना करू या." त्यांनी फडकं ठेवलं, समोर बसल्या, डोळे मिटले. मी केली. शिक्षकांच्या एकटेपणाविषयी बोललो, आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द देणाऱ्याचे शब्द कसे आटतात त्याविषयी बोललो. माझं मलाच भरून आलं.

आमेन झाल्यावर बाई म्हणाल्या, "चांगली होती. पण माझी नाही ती चिठ्ठी."

मी म्हटलं, "बाई, बैठकीत बाया दोनच."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे ज्या नजरेने बघतात, त्याच नजरेने. ओरडायच्या आधीची नजर. पण ओरडल्या नाहीत. "मी नाव सांगणार नाही, शब्द दिलाय. एवढंच सांगते : त्या दिवशी चिठ्ठ्या लिहिताना मला तहान लागली, म्हणून मी पाणी प्यायला आत गेले होते."

मला लगेच कळलं नाही. हे मी इथे खरं लिहितो, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. मी त्यांना विचारलं, "मग?" बाई म्हणाल्या, "मग काही नाही. घरी जा, भाऊ."

रस्त्याला लागल्यावर कळलं. चपलांच्या दुकानासमोर. तिथे उभा राहिलो. दुकानदाराने दोन वेळा विचारलं, कितव्या नंबरची दाखवू?

१९ सप्टेंबर, गुरुवार

काही केलं नाही. घरी आलो, ही भांडी घासत होती. जवळ गेलो. वीस वर्षं लोकांपुढे उभा राहून प्रार्थना करतोय. मंडळीत कोणाकडे काही झालं की मला बोलावतात. आणि बायकोच्या पाठीमागे उभं राहून मला तोंड उघडता येईना. तिने वळून विचारलं, "काय हवंय?" म्हटलं, "पाणी." तिने दिलं.

विचार केला, कधीपासून आम्ही दोघांनी एकत्र प्रार्थना केली नाही? आई पडल्यापासून तर नाहीच. त्याआधी जेवणाआधीची असायची, तीही माझी, हिचं फक्त आमेन. हिच्या प्रार्थना आईला ठाऊक होत्या. मला माहीतच नव्हत्या.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आजही नाही. रोलरवर बोट भाजलं. हिने पट्टी बांधली. तेव्हा बोलता आलं असतं.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज कामाला अर्धाच दिवस होता. दुपारी आई झोपली आहे असं पाहून ही स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. मी दुसरा स्टूल ओढला. ही म्हणाली, "भूक लागलीये?"

"नाही. ती सहावी चिठ्ठी."

ही टेबलावरच्या मेणकापडाचा कोपरा दुमडत राहिली.

मी डोळे मिटले. "हे प्रभू," म्हटलं. पुढे काय म्हणायचं? इतरांसाठी म्हणताना शब्द पावलापुढे पाऊल टाकत येतात. हिच्यासाठी म्हणायला गेलो तर लक्षात आलं, हिला काय हवंय ते मला माहीतच नाही. मावशींच्या दिव्याचं माहीत होतं, पेंटरच्या मुलीचं घर कुठल्या गल्लीत ते माहीत होतं. डोळे उघडले. हिला विचारलं, "काय सांगू त्याला?"

ही म्हणाली, "आता मला विचारून प्रार्थना करणार?"

"मला येत नाहीये."

"तुम्हाला?" असं म्हणून हिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सांगा, की मी दमलेय."

मी सांगितलं. "प्रभू, ही दमलीये."

"नुसतं दमलेय असं नको. सांगा, की सकाळी जाग आली की पहिल्यांदा वाईट वाटतं, की आली."

सांगितलं.

"सांगा, की मंगळवारी पडद्याआडून सगळं ऐकते मी. सगळ्यांची नावं येतात. ड्रायव्हरच्या गाडीच्या टायरचं आलं होतं एकदा."

"प्रभू, टायरचं आलं होतं," मी म्हणालो. तिला हसू फुटलं. मलाही. लगेच थांबलं.

"सांगा," ही हळू आवाजात म्हणाली, "की मला आईंचा राग येतो. त्या काही करत नाहीत, काही मागत नाहीत, तरी येतो. कूस बदलताना हात जोरात लागतो माझा. मग मी त्यांच्यापुढे प्रार्थना कुठल्या तोंडाने म्हणू?"

हे मला म्हणवेना. ही वाट बघत होती. मग म्हटलं, मोठ्याने, कारण तिने मागितली होती तशीच हवी होती, "प्रभू, हिला आईचा राग येतो."

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. झोपली नव्हती. "मला... ही... येतो."

हिने तोंडावर हात दाबला. आईला स्वतःचा राग येतो म्हणायचं होतं की हिचा, ते मला कळलं नाही, आणि विचारायला आत गेलो तर आई डोळे मिटून पडली होती, 'मी काहीच बोलले नाही' अशा चेहऱ्याने.

आमेन कोणी म्हटलंच नाही. ही माझ्या मागोमाग आत आली. मी म्हटलं, "आज मी करतो, तू सांग कसं." तिने सांगितलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, चादर ओढायची नाही, आपण पुढे वाकायचं. रोज शंभर चादरी हाताळतो, तरी पहिल्यांदा चुकलो. आई कण्हली. ही म्हणाली, "सावकाश. त्या काही ओली चादर नाहीत."

नंतर विचारलं, आता बरं वाटतं का, प्रार्थना येईल असं? ही म्हणाली, "माहीत नाही. एकदम विचारू नका."

उद्या मी घरी थांबणार. ही म्हणाली, "मी उपासनेला जाईनच असं नाही हां. कदाचित नुसती झोपेन."

म्हटलं, झोप.

२२ सप्टेंबर, रविवार

वाचनाचं पेंटरला सांगितलं. त्याला घाम फुटला, पण हो म्हणाला.

आईचं अंग पुसलं, खाऊ घातलं, कूस बदलली. दोनदा. कमरेत भरलं आहे. ही सकाळी उठली, उपासनेला जायचे कपडे काढून ठेवले, पलंगावर क्षणभर टेकली आणि तशीच आडवी झाली. अकरा वाजले तरी उठली नाही.

उपासना सुटल्यावर ड्रायव्हर दाराशी आला. "तुम्ही आला नाहीत. वहिनी आजारी?"

"नाही. झोपलीये."

"झोपलीये?"

"हळू बोल."

तो पायरीवर बसला. मीही बसलो. पेंटरने कुठल्या ओळीवर गचका खाल्ला, पाळकसाहेब कशावर बोलले, ते सगळं त्याने मला कुजबुजत सांगितलं, अगदी आशीर्वादापर्यंत. मग उठून, चपला हातात घेऊन, फाटकाबाहेर गेला आणि तिथे घातल्या.

साडेबाराला ही उठली. केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी. दारात येऊन उन्हाकडे बघत म्हणाली, "किती वाजले?" मी सांगितलं. तिला खरं वाटेना.